वर्षातून एकच, आणि तोही रडवणारा: फिल्म सोसायट्यांच्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्यांचे संयोजक आणि महोत्सवांसाठी चित्रपट निवडणारी मंडळी,

स. न. वि. वि.

भांडायलाच बसलो आहे, पण आधी जे देणं आहे ते देऊन टाकतो. कुरोसावा, बर्गमन, किआरोस्तामी ही दिग्दर्शक मंडळी मला तुमच्यामुळे भेटली. हॉलचं भाडं, प्रोजेक्टरचं दुखणं, वर्गणी थकवणारे सभासद हे सगळं सांभाळून तुम्ही चित्रपट दाखवता. तेव्हा हे पत्र बाहेरच्या माणसाचं समजू नका. वर्गणी भरून, तिसऱ्या रांगेत बसून केलेली कुरकुर आहे.

तक्रार अशी. कृष्णवर्णीय माणसांचा सिनेमा तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत वर्षातून एकदा येतो, तोही बहुधा एखाद्या ‘मानवी हक्क विशेष’मध्ये. आला की त्यात कुणीतरी साखळदंडात असतं, कुणाला तरी झाडाला टांगलेलं असतं, नाहीतर एखादा गोरा माणूस शेवटच्या रिळापर्यंत येता येता शहाणा होतो. दिवे लागतात. सगळे जरा गप्प होतात. मग कुणीतरी उठून म्हणतं, ‘ही फक्त काळ्या लोकांची गोष्ट नाही, ही माणसाची गोष्ट आहे.’ चहा होतो, आणि पुढच्या शनिवारी आपण पुन्हा फ्रान्सला.

बर्गमन दाखवताना ‘ही फक्त स्वीडिश लोकांची गोष्ट नाही’ असं कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. ते सांगावं लागत नाही, कारण स्वीडनमधला पाद्री देवावर रुसला तर तो आपोआप सगळ्या माणसांच्या वतीने रुसतो असं आपण धरून चालतो. एखाद्या चित्रपटात लॉस एंजेलिसच्या वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीतला, कसाईखान्यातला कामगार रात्री झोप येत नाही म्हणून स्वयंपाकघरातली फरशी दुरुस्त करत बसतो, तेव्हा मात्र तो ‘प्रश्न’ होतो. माझं सगळं भांडण या एका ठिकाणी आहे.

निवड कशी होते हे थोडंफार कळतं मला. जर्मन चित्रपट मॅक्स म्युलर भवनाकडून मिळतात, फ्रेंच आलियॉन्स फ्रांसेजकडून, इतर देशांचे दूतावासांकडून. चार्ल्स बर्नेट या कृष्णवर्णीय अमेरिकी दिग्दर्शकाचा चित्रपट घेऊन कोण येणार? अमेरिका म्हणजे हॉलिवूड, ते तर मल्टिप्लेक्समध्ये असतंच, असं म्हणून आपण मोकळे होतो. मग उरते ती ऑस्करची यादी. तिच्यावर विसंबून निवड केली की काय होतं, ते जरा विस्ताराने सांगतो.

१९८९ साली अमेरिकेत दोन चित्रपट आले. एक ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’: म्हातारी गोरी बाई, तिचा कृष्णवर्णीय ड्रायव्हर, आणि वर्षानुवर्षांच्या सहवासातून दोघांत फुललेला जिव्हाळा. दुसरा स्पाइक लीचा ‘डू द राइट थिंग’. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर पहिल्याला मिळालं. दुसऱ्याला त्या विभागात नामांकनसुद्धा नव्हतं. त्या समारंभात मंचावर आलेल्या अभिनेत्री किम बेसिंजरने यादीतून एक चित्रपट राहून गेल्याचं सरळ बोलून दाखवलं होतं. पुढे २०१९ च्या समारंभात ‘ग्रीन बुक’ जिंकला. पुन्हा गाडी, पुन्हा ड्रायव्हर. या वेळी ड्रायव्हर गोरा आणि मागे बसलेला पियानोवादक कृष्णवर्णीय, एवढी सुधारणा. त्या वर्षीही स्पाइक लीचा ‘ब्लॅकक्लॅन्समन’ स्पर्धेत होता. कुणी कुणाची गाडी चालवत असलं की आपण हरतो, असा विनोद त्याने नंतर पत्रकारांसमोर केला.

‘ग्रीन बुक’ तुमच्यातल्या अनेकांचा लाडका आहे हे माहीत आहे मला. चांगला जमवलेला चित्रपट आहे, हसवतो, तळलेल्या कोंबडीचा प्रसंग झकास आहे. पण पटकथा लिहिणाऱ्यांत त्या ड्रायव्हरचा मुलगा होता, आणि त्या पियानोवादकाच्या, डॉन शर्लीच्या, नातेवाइकांनी आपल्या माणसाच्या चित्रणावर जाहीर आक्षेप घेतला होता. शर्लीची भूमिका करणाऱ्या महर्शला अलीला ऑस्कर मिळालं ते साहाय्यक अभिनेत्याचं. म्हणजे स्वतःच्या आयुष्यावरच्या चित्रपटात माणूस साहाय्यक! आणि ज्या पुस्तिकेचं नाव चित्रपटाला दिलं, ती हार्लेममधल्या व्हिक्टर ह्युगो ग्रीन नावाच्या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून काढलेली पुस्तिका. कोणत्या गावात कृष्णवर्णीय प्रवाशाला खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, कुठे पेट्रोल भरू देतील, हे तिच्यात असायचं. तिच्यावर खरं तर स्वतंत्र चित्रपट व्हावा. इथे ती दोन-चारदा हातात दिसते, बस.

‘मिसिसिपी बर्निंग’चंही तेच. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत मतदार नोंदणीसाठी काम करणाऱ्या तिघा तरुणांचा खून झाला. त्यावरच्या चित्रपटात नायक कोण, तर एफबीआयचे दोन गोरे अधिकारी. त्याच एफबीआयने त्याच काळात मार्टिन ल्यूथर किंग यांचे फोन चोरून ऐकले होते. चित्रपटातली कृष्णवर्णीय माणसं मार खातात, प्रार्थना करतात, गातात, आणि कुणीतरी येऊन आपल्याला वाचवेल याची वाट बघतात. ज्या लोकांनी ती चळवळ उभी केली, त्यांच्या वाट्याला पार्श्वसंगीत आलं.

आता यावर तुम्ही म्हणाल, म्हणजे गोऱ्या दिग्दर्शकाने कृष्णवर्णीयांवर चित्रपट काढूच नये काय? असं मी म्हणणार नाही, आणि म्हणू नये म्हणून ‘नथिंग बट अ मॅन’ हा एक चित्रपट पुरेसा आहे. १९६४ चाच. दिग्दर्शक मायकल रोमर हा लहानपणी नाझी जर्मनीतून निसटलेला ज्यू. नायक डफ रेल्वेच्या रुळांवर काम करणाऱ्या टोळीतला मजूर आहे आणि त्याचं लग्न गावच्या धर्मोपदेशकाच्या मुलीशी होतं. भाषण नाही, मोर्चा नाही. सासरा गोऱ्यांशी जुळवून घेऊन राहिलेला, जावयाला मान खाली घालता येत नाही, आणि त्यापायी एकेक नोकरी सुटत जाते. जावई आणि सासरा एका खोलीत बसलेले असताना जो अवघडलेपणा पडद्यावर दिसतो, तो आपल्या कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या माणसाला ओळखीचा वाटेल. रोमरने त्या माणसांना कुणाला काही समजावून सांगण्याच्या कामाला जुंपलेलं नाही. माझी कसोटी तेवढीच आहे: पडद्यावरची माणसं एकमेकांशी बोलतायत, की तिऱ्हाइताला माहिती पुरवतायत?

‘डू द राइट थिंग’ या कसोटीवर शंभर टक्के उतरतो आणि म्हणूनच पहिल्यांदा पाहणाऱ्याला अंगावर येतो. ब्रुकलिनमधली एक गल्ली, उन्हाळ्यातला सर्वांत तापलेला दिवस, साल नावाच्या इटालियन माणसाचं पिझ्झाचं दुकान. गिऱ्हाईक जवळजवळ सगळं कृष्णवर्णीय. भिंतीवर फोटो मात्र सगळे इटालियन-अमेरिकन नटांचे, गायकांचे, खेळाडूंचे. बगिंग आउट नावाचा एक भांडखोर पोरगा विचारतो, आमच्यातल्या कुणाचा फोटो का नाही? साल म्हणतो, दुकान माझं, भिंत माझी. एवढ्यावरून दिवस तापत जातो आणि रात्री पोलिसाच्या गळफासात रेडिओ रहीम नावाचा कृष्णवर्णीय तरुण मरतो.

भिंतीवर कुणाचे फोटो, हा वाद आपल्याला कुणी समजावून द्यायला नको. कचेऱ्या, शाळा, ग्रामपंचायती, गावच्या कमानी, सगळीकडे तो वाद आपण पाहिलाय. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) धरलेलं डुक्कर खांद्यावरच्या काठीला बांधून जब्याचं कुटुंब शाळेच्या भिंतीजवळून जातं आणि मागे भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले असतात, ते दृश्य तुम्हीच आम्हाला चर्चेत उलगडून दाखवलंत. सालच्या दुकानात फोटो नाहीत म्हणून आग लागते. जब्याच्या शाळेत फोटो आहेत, सगळे आहेत, आणि तरीही त्यांच्याच साक्षीने ते डुक्कर उचलावं लागतं. हे दोन चित्रपट लागोपाठच्या दोन शनिवारी दाखवले तर केवढी चर्चा होईल! मंजुळे यांचा चित्रपट पाहून आलेल्या प्रेक्षकाला, सालकडेच नोकरी करणाऱ्या मूकीने दुकानाच्या काचेवर कचऱ्याचा डबा का फेकला हे विचारून बघा. १९८९ मध्ये काही अमेरिकी समीक्षकांनी ‘डू द राइट थिंग’ पाहून कृष्णवर्णीय तरुण दंगली करतील अशी भीती छापली होती. तशा दंगली काही झाल्या नाहीत. रहीमच्या मरणापेक्षा फुटलेल्या काचेची काळजी जास्त करणारे मात्र तेव्हाही बरेच निघाले.

तरी हा चित्रपट एकवेळ मिळतो, लोकांना माहीतही आहे. ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तो चित्रपट वेगळा आहे: चार्ल्स बर्नेटचा ‘किलर ऑफ शीप’.

बर्नेटचा जन्म मिसिसिपीतल्या विक्सबर्गचा, वाढला वॉट्समध्ये. १९६५ साली ही वस्ती पेटली होती. त्यानंतरच्या वर्षांत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची एक फळी सिनेमा शिकायला आली: बर्नेट, ज्युली डॅश, इथिओपियाहून आलेला हैले गेरिमा, बिली वुडबेरी. त्यांना नंतर ‘एल. ए. रिबेलियन’ असं नाव पडलं. हाकेच्या अंतरावर हॉलिवूड होतं आणि त्यांना हॉलिवूडसारखं काही करायचं नव्हतं. ‘किलर ऑफ शीप’ हा बर्नेटचा पदव्युत्तर शिक्षणाचा प्रबंध. सोळा मिलिमीटरवर, कृष्णधवल, दहा हजार डॉलरपेक्षा कमी पैशात, शनिवार-रविवार गाठून, वस्तीतली माणसं आणि पोरं घेऊन केलेला. १९७७ मध्ये पुरा झाला. आणि मग तीस वर्षं चित्रपटगृहात लागला नाही! कारण अगदी व्यवहारी: त्यातल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते. डायना वॉशिंग्टन, पॉल रोब्सन, लुई आर्मस्ट्राँग असं सगळं संगीत बर्नेटने बिनधास्त वापरलं होतं. शेवटी दीड लाख डॉलर मोजून ते हक्क घेतले गेले आणि २००७ मध्ये तो रीतसर प्रदर्शित झाला. दरम्यान १९९० मध्येच अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला होता. जपून ठेवण्यालायक आहे असं सरकारी शिक्कामोर्तब झालेला चित्रपट बघायला मात्र कुठे मिळत नाही, असा तो प्रकार.

गोष्ट सांगण्यासारखी नाहीच. स्टॅन मेंढ्या कापण्याच्या कारखान्यात काम करतो आणि दमलेला असतो. बायकोला तो हवा असतो. एका रात्री दोघं संगीतावर नाचतात. ती त्याला बिलगते, आणि गाणं संपायच्या सुमारास तो हलकेच बाजूला होऊन निघून जातो. तो दुष्ट नाही, दारुडा नाही, मारत नाही. शिल्लकच राहिलेला नाही. पोरं दगडांनी लढाया खेळतात, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उड्या मारतात, आणि कॅमेरा खालून बघत राहतो. दिवसाच्या कष्टाच्या कमाईतून स्टॅन आणि त्याचा मित्र एक जुनं इंजिन विकत घेतात, धापा टाकत जिन्यावरून खाली आणतात, छोट्या ट्रकच्या कडेवर ठेवतात. अजून थोडं आत सरकव असं एक जण म्हणतो, दुसरा म्हणतो राहू दे. ट्रक चढावर निघतो आणि इंजिन घरंगळून रस्त्यावर पडतं. दोघं उतरून बघतात आणि निघून जातात. या प्रसंगाला मी हसलो, आणि हसताना आपल्या घरातले असे कितीतरी फसलेले बेत आठवले. आणखी एका प्रसंगात स्टॅन गरम कप गालाला लावतो आणि शरीरसुखाची आठवण काढतो. मित्र त्याची टिंगल करतो. गरिबीवरच्या किती चित्रपटांत गरीब माणसाला असं काही सुचू देतात?

पोलीस नाहीत. गोरा खलनायक नाही. मालकसुद्धा जेमतेम. अन्याय आहेच, तो कारखान्याच्या पाण्याच्या नळीत आहे, स्टॅनच्या खांद्यांत आहे. पण त्याच्याकडे बोट दाखवून कुणी उभं राहत नाही. मला विचाराल तर इटलीच्या डि सिकाच्या पंगतीला बसणारा चित्रपट आहे हा. डि सिका तुम्ही कितीदा दाखवला त्याचा हिशेब तुम्हीच करा.

दुःख तरी निदान आपण कृष्णवर्णीयांना मंजूर करतो. वैचारिक घुसमट करत नाही. कॅथलीन कॉलिन्सचा ‘लूजिंग ग्राउंड’ (१९८२) पाहा. नायिका तत्त्वज्ञानाची प्राध्यापक, नवरा चित्रकार. ती समाधीसारख्या उत्कट अवस्थेवर संशोधन करतेय आणि स्वतःच्या आयुष्यात मात्र ती अवस्था तिला कधी भेटलेली नाही. नवरा उन्हाळ्यासाठी गावाकडे घर घेतो आणि दुसऱ्याच एका बाईत गुंततो. संपली गोष्ट. फ्रेंच दिग्दर्शक एरिक रोमेरच्या नावावर हाच चित्रपट आला असता तर तुमच्या बेचाळीस पानी स्मरणिकेत त्याच्यावर दोन लेख असते. कॉलिन्स १९८८ मध्ये गेली. तिच्या हयातीत हा चित्रपट रीतसर लागला नाही, २०१५ मध्ये लागला. सुशिक्षित, खात्यापित्या कृष्णवर्णीय नवरा-बायकोच्या भांडणाचं काय करायचं हे वितरकांना कळलं नसावं.

ज्युली डॅशच्या ‘डॉटर्स ऑफ द डस्ट’बद्दल (१९९१) एवढंच सांगतो की पहिला अर्धा तास कोण कुणाचं कोण लागतं हे कळत नाही, आणि धीर धरावा. १९०२ साल, जॉर्जिया-साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळची बेटं, उत्तरेकडे निघालेलं एक मोठं कुटुंब आणि मागेच राहू पाहणारी, निळीने हात कायमचे रंगलेली म्हातारी. कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीने दिग्दर्शित केलेला आणि अमेरिकेत सर्वत्र चित्रपटगृहांत लागलेला हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. पहिला, आणि साल १९९१! तो मोठ्या पडद्यावरच बघायचा चित्रपट आहे. मी लॅपटॉपवर पाहिला, म्हणजे अर्धाच पाहिला असं समजा.

इतिहासच हवा असेल तर तोही नीट दाखवू या. ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ (१९१५) तंत्राचा पाया म्हणून तुमच्या रसास्वाद शिबिरात शिकवतात. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेला तारणहार ठरवणारा हा चित्रपट व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला आणि त्याच वर्षी क्लॅन नव्याने उभी राहिली, हेही हल्ली सांगतात. पण त्याला उत्तर देणारा चित्रपट १९२० मध्येच आला होता, हे शिबिरात मला कुणी सांगितलं नाही. ऑस्कर मिशोचा ‘विदिन अवर गेट्स’. मिशो हा साउथ डकोटात शेती केलेला, स्वतःच्या कादंबऱ्या दारोदार विकलेला माणूस. त्याच पैशांवर त्याने चित्रपट काढायला सुरुवात केली आणि चाळीसच्या वर काढले. ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या ग्रिफिथच्या चित्रपटात कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्या स्त्रीच्या मागे लागतो. मिशोने ते उलटं फिरवून दाखवलं: गोऱ्या जमीनदाराचा भाऊ कृष्णवर्णीय मुलीवर हात टाकतो आणि त्याच वेळी तिकडे तिला वाढवणाऱ्या आईबापांना जमाव फासावर चढवत असतो. शिकागोत आदल्याच वर्षी वांशिक दंगल झाली होती, त्यामुळे तिथे प्रदर्शनावरून वाद झाला. नंतर हा चित्रपट हरवलाच. १९७० च्या दशकात स्पेनमध्ये त्याची एक प्रत सापडली आणि १९९३ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो पुन्हा उभा केला. शिबिरात दोन तुकडे शेजारी शेजारी दाखवा. संकलनाचा धडा होईल आणि इतिहासाचाही.

अमेरिकेबाहेरचा फक्त एक मागतो. सेनेगलचा उस्मान सेंबेन फ्रान्समधल्या मार्सेच्या बंदरात हमाली करत कादंबऱ्या लिहायला लागला. पण आपल्या ज्या माणसांबद्दल लिहितोय त्यांना वाचता येत नाही, म्हणून तो सिनेमाकडे वळला आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉस्कोत जाऊन शिकला. साधारण त्याच सुमारास, १९६१ मध्ये, आपले अण्णाभाऊ साठे रशियाला जाऊन आले होते. गिरणीत खपलेला, लाल बावट्याखाली वाढलेला लेखक आणि बंदरातला हा लेखक यांची कधी गाठ पडली असती तर काय बोलले असते, असं आपलं मला उगीच वाटत राहतं. सेंबेनचा ‘ब्लॅक गर्ल’ (१९६६) तासाभराचा आहे. डाकारची डियुआना एका फ्रेंच कुटुंबाबरोबर आंतिबला जाते, मुलं सांभाळायला म्हणून. तिथे गेल्यावर धुणं, भांडी, स्वयंपाक सगळं तिच्याच गळ्यात. ती मालकिणीशी फारसं बोलत नाही, पण तिच्या मनातलं आपल्याला अखंड ऐकू येतं. घरकामाच्या बाईशी आपण कसे बोलतो, तिचा कप वेगळा का असतो, हे चित्रपट सुटल्यावर जिन्यातच एकमेकांना विचारावं लागेल.

आणि आपण स्वतः काय दाखवत आलो? मलिक अंबरचा अभिमान आपण बाळगतो; खडकी वसवणारा, निजामशाही तारून नेणारा हबशी वजीर म्हणून शाळेत शिकतो. हिंदी पडद्यावर मात्र ‘रझिया सुलतान’मध्ये (१९८३) हबशी याकूत दाखवायला धर्मेंद्रचं तोंड रंगवलं गेलं. ‘फॅशन’मध्ये (२००८) नायिका किती घसरली हे प्रेक्षकाला कळावं म्हणून ती सकाळी एका कृष्णवर्णीय पुरुषाशेजारी जागी होते. बाकी काही सांगावं लागत नाही, शेजारचा रंग पुरतो. त्यावर थिएटरात कुणी कुरकुर केल्याचं ऐकलं नाही. म्हणून मीरा नायरचा ‘मिसिसिपी मसाला’ (१९९१) जरूर ठेवा. हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकललेलं गुजराती कुटुंब मिसिसिपीत ग्रीनवुडच्या मोटेलमध्ये येऊन राहतं आणि मुलगी गालिचे धुणाऱ्या कृष्णवर्णीय डेमेट्रियसच्या प्रेमात पडते. अपघातानंतर नुकसानभरपाईचा दावा ठोकू नये म्हणून आपलाच एक देशी माणूस ‘आपण सगळे गोरे नसलेले एकच’ असं गोड बोलतो. पोरगी त्यांच्यातल्याच एकाबरोबर सापडल्यावर मात्र ती एकी कुठल्या कुठे जाते. फार हसू येतं, आणि नंतर फार वेळ येत नाही.

इथे एव्हा ड्युव्हर्नेच्या ‘ओरिजिन’बद्दल (२०२३) बोलायलाच हवं, कारण त्यात बाबासाहेब आहेत. अमेरिकेतला वर्णभेद, जर्मनीतला ज्यूद्वेष आणि भारतातली जात यांना एका सूत्रात ओवणारा हा चित्रपट. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून दोन समाजांच्या स्थितीतलं साम्य मांडलं होतं, मुंबईत १९७२ साली दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ओकलंडच्या ‘ब्लॅक पँथर’ या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचं नाव घेऊन. तेव्हा हा दुवा तिकडच्या पडद्यावर येतोय याचं मला अप्रूप होतं. बघितला, आणि अस्वस्थ झालो. शाळेत वेगळं बसवलेलं पोर दिसतं, अंगाला तेल लावून मैल्यात उतरणारी माणसं दिसतात, संगीत गंभीर होतं. ती माणसं काय बोलतात, कशावर हसतात, कुणावर चिडतात, हे कळत नाही. आपली माणसं दुसऱ्याच्या युक्तिवादातला पुरावा झाली. हेतू चांगला, अभ्यास खरा, दिग्दर्शिका माझ्या आवडीची. तरी असं झालं. ‘मिसिसिपी बर्निंग’ बघताना मिसिसिपीतल्या प्रेक्षकाला काय वाटलं असेल, ते तेव्हा मला पहिल्यांदा नीट उमगलं. ‘ओरिजिन’ दाखवा, पण ‘किलर ऑफ शीप’ आधी दाखवा.

मोठ्या पैशाच्या चित्रपटांकडे नाक मुरडू नका, एवढीही विनंती. ‘ब्लॅक पँथर’ (२०१८) आपल्याकडे पोरांनी शिट्ट्या मारत पाहिला. जबारी टोळीच्या सरदाराच्या तोंडचा ‘हनुमान’ हा शब्द तेवढा आपल्या सेन्सॉरने मुका केला, ही त्यातली आपली खास भर! शेवटची गेंड्यांची लढाई संगणकी आणि कंटाळवाणी आहे, आणि खलनायकाचं म्हणणं नायकापेक्षा जास्त पटतं. पण चित्रपट उघडतो तो ओकलंडच्या गल्लीत, दिग्दर्शक रायन कूगलरच्या स्वतःच्या गावात, आणि ते उगाच नाही. त्याच कूगलरचा ‘सिनर्स’ (२०२५) तर मी कुणाशीही भांडून श्रेष्ठ ठरवायला तयार आहे. १९३२ ची मिसिसिपी, जुळे भाऊ गुत्ता उघडतात, पुतण्यासारखा चुलतभाऊ ब्लूज गातो आणि त्या गाण्याने काळाचा पडदाच फाटतो: आफ्रिकेतला वादक आणि उद्याचा डीजे एकाच जमिनीवर नाचायला लागतात. मग पिशाच्चं येतात, तीही गाणं मागायला. रक्तपिपासूंचा चित्रपट म्हणून त्याला आपल्या ‘गंभीर’ वर्तुळात कुणी धरलं नाही. पंचवीस वर्षांनी चित्रपटाची मालकी आपल्याकडे परत येईल असा करार कूगलरने स्टुडिओशी केला, हे कळल्यावर तरी पुन्हा बघा. गाणं कुणाचं आणि कमाई कुणाची, हाच तर त्या पिशाच्चांचा विषय आहे. बर्नेटचा चित्रपट तीस वर्षं ज्या कागदांपायी अडकला, तेच कागद कूगलरने आधी वाचलेले दिसतात.

तर मागणी काय? वेगळा ‘कृष्णवर्णीय सिनेमा विशेष’ नको. बर्नेटला तुमच्या नववास्तववादाच्या मालिकेत बसवा, कॉलिन्सला दाम्पत्यजीवनावरच्या चित्रपटांत, मिशोला मूकपटांत, ‘सिनर्स’ला संगीतपटांत. यातले बरेच चित्रपट आता नीट दुरुस्त केलेल्या प्रतींमध्ये मिळतात. हक्काचा खर्च पडेल, तर त्या महिन्यात स्मरणिका पातळ काढा. जमेल तिथे मराठी उपशीर्षकं करायला आमच्यातलेच चार सभासद बसतील, मी त्यांतला एक.

सुरुवात ‘किलर ऑफ शीप’ने करणार असाल तर एकच अट आहे. चित्रपट ऐंशी मिनिटांचा आहे. प्रास्ताविक पाच मिनिटांच्या वर जाता कामा नये, आणि वर्णद्वेषावरचं भाषण ठेवायचंच असेल तर ते ‘ग्रीन बुक’च्या दिवशी ठेवा.

आपला,
तिसऱ्या रांगेतला एक सभासद